पुढच्या वर्षी जाऊ

बाहेरगावचा पाहुणा पुण्यास उतरला आणि त्याचा चहा झाला की तो एक प्रश्न हटकून विचारतो : "तुमच्या पुण्यात पाहण्यासारखे काय काय आहे?" आणि आपण पुणेकर शनिवारवाडा, पर्वती, सिंहगड अशी तीनचार नावे सांगून मोकळे होतो. उत्तर चुकीचे असते असे नाही. शनिवारवाडा १७३२ साली उभा राहिला. तो आज पाहिला काय किंवा सहा महिन्यांनी पाहिला काय, जागचा हलणार नाही. पर्वतीच्या शंभरावर पायऱ्या कोणत्याही दिवशी चढता येतात. परंतु त्याच पाहुण्याने थोडे पुढे जाऊन, "बरे, या महिन्यात पुण्यात काय आहे?" असे विचारले म्हणजे आपली पंचाईत होते. आपण एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतो. मग घरातला कोणीतरी वर्तमानपत्र शोधू लागतो, आणि ते बहुधा रद्दीत गेलेले असते.

आज मला बोलावयाचे आहे ते या दुसऱ्या प्रश्नाविषयी. पुण्यात आणि पुण्याच्या आसपास वर्षभर ठराविक दिवसांत काही मेळे भरतात, काही उत्सव होतात, काही पाहुणे येऊन जातात. त्यांतले पुष्कळसे फुकट असतात, किंवा अगदी थोड्या पैशांत पाहता येतात. त्यांच्या जागा आपल्या घरापासून दूर नसतात. आणि नेमके याच कारणामुळे आपण तेथे जात नाही. काश्मीरला जावयाचे तर आपण चार महिने आधी रजा काढतो, दोन गल्ल्या ओलांडून जावयाचे तर म्हणतो, "पुढच्या वर्षी जाऊ."

या वाक्याशी माझा स्वतःचा जुना परिचय आहे, तो आधी सांगतो.

आमचे घर लक्ष्मी रस्त्यापासून दोन गल्ल्या आत आहे. ज्येष्ठ वद्यात आळंदीहून ज्ञानेश्वर महाराजांची आणि देहूहून तुकाराम महाराजांची पालखी पुण्यात येते, ती फर्ग्युसन रस्त्याने, लकडी पुलावरून आणि लक्ष्मी रस्त्याने नाना पेठेकडे जाते. म्हणजे वारी आमच्या दारावरून जात नसली तरी तिच्या टाळांचा आवाज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचतो. माझी आत्या आमच्याकडे राहावयास आली तेव्हा तिचे वय पंचाहत्तरीच्या पुढे होते. तिचे बालपण लोणंदला गेलेले. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा लोणंदला मुक्काम असतो, तेव्हा लहानपणी हा सोहळा म्हणजे तिची दुसरी दिवाळी. दरवर्षी पालखीच्या संध्याकाळी ती मला म्हणे, "अरे, मला कोपऱ्यापर्यंत तरी ने. आमच्या लोणंदला माउली दारात यायची, इथे दोन गल्ल्यांवर आली तरी भेट नाही." आणि मी दरवर्षी तिला समजावीत असे, की आज फार गर्दी आहे, पाऊस येण्यासारखा आहे, तुझे गुडघे दुखतात, पुढच्या वर्षी सकाळी लवकर जाऊ आणि चांगली जागा धरू. यांतले एकही कारण खोटे नव्हते.

असे करता करता २०२० साल उजाडले. त्या वर्षी साथीमुळे पायी वारी झाली नाही. संतांच्या पादुका एस. टी.च्या गाडीतून मोजक्या मंडळींसह पंढरपुरास नेण्यात आल्या. २०२१ सालीही तसेच झाले. पालखीच्या त्या संध्याकाळी मी खिडकीत उभा राहिलो. लक्ष्मी रस्त्याच्या बाजूने काहीही ऐकू आले नाही. आत्याने विचारले, "यंदा उशीर झाला का रे?" तिला साथीचे सर्व सांगितलेले होते, पण ती विसरली होती. २०२२ साली वारी पुन्हा पायी निघाली. तत्पूर्वीच्या हिवाळ्यात आत्या गेली.

या गोष्टीवर मला अधिक बोलावयाचे नाही. मात्र तेव्हापासून मी दरवर्षी पालखीस जातो, आणि त्यातून जे काही कळले ते श्रोत्यांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

पालखी पाहावयास जाणारे बहुतेक लोक पहिल्या संध्याकाळी रस्त्याच्या कडेला उभे राहतात. गर्दीतून रथ जातो, लोक हात जोडतात, आणि घरी येतात. हे दर्शन झाले. पण हा सोहळा झाला नाही. रथाच्या पुढे आणि मागे ज्या दिंड्या चालतात त्यांच्याकडे लक्ष द्यावे. प्रत्येक दिंडीत पताका, टाळकरी, मृदंग, वीणेकरी आणि तुळशीवृंदावन डोक्यावर घेतलेल्या बाया यांची एक रीत असते, आणि इतक्या अफाट समुदायाला चोपदार नुसता दंड उंचावून शांत करू शकतो. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीपुढे दोन घोडे चालतात. एकावर स्वार असतो आणि दुसऱ्यावर कोणीच बसत नाही, कारण तो माउलींचा. हे घोडे बेळगावकडील अंकलीच्या शितोळे सरदारांकडून येतात. आजचे या सोहळ्याचे शिस्तबद्ध स्वरूप एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी घालून दिले. ते आधी शिंद्यांच्या पदरी सरदार होते असे सांगतात, आणि दिंड्यांची चाल पाहिली म्हणजे ते खरे वाटू लागते.

दोन्ही पालख्या पुण्यात दोन रात्री राहतात. तुकाराम महाराजांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात, आणि ज्ञानेश्वर महाराजांची भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात. माझी सूचना अशी आहे, की पहिल्या संध्याकाळची गर्दी सोडून द्यावी आणि मधल्या दिवशी, मुक्कामाच्या दिवशी, या पेठांतून सकाळी फिरावे. त्या दिवशी शाळांचे वर्ग, धर्मशाळा, वाड्यांची अंगणे वारकऱ्यांनी भरलेली असतात. कोठे धोतरे वाळत घातलेली असतात, कोठे कीर्तन चाललेले असते. चांभार मंडळी रस्त्याकडेला बसून वारकऱ्यांची पायताणे शिवून देतात आणि पैसे घेत नाहीत. नाभिक दाढी करून देतात. डॉक्टर पायांचे फोड पाहतात. आपणही एखाद्या अंगणात निःसंकोच जाऊन बसावे. "कोठून आलात?" एवढा एक प्रश्न विचारला तरी पुरे. मला गेल्या काही वर्षांत या एका प्रश्नावरून पावसाचा, ज्वारीच्या भावाचा आणि मुलांच्या लग्नांचा जितका वृत्तांत कळला, तितका कोणत्याही वर्तमानपत्रातून कळला नाही.

ज्यांचे पाय बरे आहेत त्यांनी तिसऱ्या दिवशी पहाटे पालखीबरोबर निघावे. हडपसरपर्यंत चालले तरी चालेल. तेथे दोन्ही पालख्यांच्या वाटा वेगळ्या होतात. तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे जाते आणि माउलींची दिवे घाट चढून सासवडला. पुण्यापासून सासवड सुमारे ३० किलोमीटर भरते. पुष्कळ पुणेकर एवढा एकच टप्पा दरवर्षी चालतात. पायात नवीन जोडा मात्र घालू नये, ही चूक मी केलेली आहे.

पालखीनंतर गणेशोत्सव येतो. त्याविषयी पुणेकरांस मी काय सांगावे? १८९३ पासून चालत आलेल्या या सार्वजनिक उत्सवाची विसर्जनाची मिरवणूक हल्ली चोवीस तासांच्याही पुढे चालते, आणि ध्वनिवर्धकांच्या भिंतीपुढे उभे राहण्याचे माझे वय गेले. माझ्यासारख्यांनी एखाद्या आडवारी सकाळी नऊच्या सुमारास कसबा गणपतीपासून निघून मानाचे पाचही गणपती पायी पाहावेत. रस्ते मोकळे असतात, मांडवात दोनचार कार्यकर्ते जांभया देत बसलेले असतात, आणि कोणीही मागून ढकलीत नाही. नवरात्रात चतुःशृंगीची जत्रा भरते, तीही मुलांना घेऊन अशीच सकाळी पाहावी.

याच पावसाळी दिवसांत, ऑगस्ट-सप्टेंबरात, भरत नाट्य मंदिरात महाविद्यालयीन एकांकिकांची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा होते. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून ती घेत आली आहे. आपल्या रंगभूमीवरच्या कितीतरी नामवंतांचे पहिले पाऊल या स्पर्धेत पडले. प्रयोग चांगला असो वा वाईट, प्रेक्षागृहातील पोरांच्या आरोळ्या ऐकाव्यात यासाठी तरी एकदा जावे. आणि ही स्पर्धा केवळ आरोळ्यांवर चालत नाही. २०२२ साली परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकास पात्र न ठरवून तो कोणालाही दिला नव्हता. त्यावर गावात बरेच दिवस वाद चालला. ज्या गावात एकांकिकेच्या बक्षिसावरून वाद होतो ते गाव मला राहण्यास योग्य वाटते.

आता हिवाळ्याकडे येऊ. डिसेंबरात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव होतो. रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व हे १९५२ साली वारले. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, त्यांच्या स्मरणार्थ हा उत्सव सुरू झाला आणि त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी तो अनेक दशके स्वतःच्या घरचे कार्य असल्यासारखा चालविला. भीमसेनजी २०११ साली गेले, आणि महोत्सवाच्या नावात त्यांचे नाव आले. जुनी मंडळी रमणबागेच्या मैदानावरच्या रात्री आठवतात. शाल पांघरून, गरम चहाचा थर्मास घेऊन लोक बसत ते उजाडल्यावर उठत. ध्वनिक्षेपकांविषयी २००० सालचे नियम आले आणि रात्रभराच्या बैठका संपल्या. उत्तररात्रीचे राग ऐकणे त्यामुळे दुर्मिळ झाले, ही हानी खरी आहे. परंतु दवाखान्याशेजारी राहणाऱ्या माणसाची बाजूही असते, आणि मी दोन्ही बाजूंनी राहिलेलो आहे. अलीकडे हा महोत्सव मुकुंदनगरात भरतो.

गाणे आपल्याला कळत नाही म्हणून पुष्कळजण तेथे जात नाहीत. त्यांना मी एवढेच म्हणेन, की खुर्चीचे महाग तिकीट न काढता भारतीय बैठकीचे काढावे आणि जमिनीवर बसावे. तेथे शेजारी बसलेले एखादे आजोबा मानेच्या हालचालीनेच आपणास पुष्कळ शिकवितात. कोठे दाद द्यावयाची आणि कोठे गप्प बसावयाचे हे तिसऱ्या दिवसापर्यंत आपोआप कळू लागते. शेवटी सवाई गंधर्वांच्या जुन्या ध्वनिमुद्रिकेतील भैरवी ऐकविण्याची प्रथा आहे. हजारो माणसे त्या खरखरीत तबकडीच्या आवाजासाठी थांबून राहतात. तेवढ्यासाठी उशिरा घरी जावे.

जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास एम्प्रेस गार्डनमध्ये फुलांचे प्रदर्शन भरते. गुलाब, शेवंती, खुरटवलेली झाडे, मुलांच्या चित्रांच्या स्पर्धा, असा हा घरगुती मेळा आहे. याविषयी फार सांगण्यासारखे नाही; फक्त प्रदर्शनातून रोपे विकत घेताना आपली गॅलरी केवढी आहे हे विसरू नये.

हिवाळ्यातच एक दिवस गावाबाहेर काढावा असे एक ठिकाण आहे. सोलापूर रस्त्याने सुमारे १०० किलोमीटरांवर भिगवण आहे. आगगाडीनेही जाता येते. भीमा नदीवर उजनीचे धरण १९८० साली पूर्ण झाले, आणि मागे जो पाण्याचा फुगवटा पसरला त्यात नदीकाठची कितीतरी गावे, मळे आणि देवळे बुडाली. त्या उथळ पाण्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. उंच गुलाबी पाय, वाकडी चोच, आणि उडताना पंखांखालचा तो लाल रंग. लांबून पाहिले तर पाण्याच्या कडेला कोणी लुगडी वाळत घातली आहेत असे वाटते. डिकसळ, कुंभारगाव या बाजूचे मच्छीमार आपल्या होड्यांतून पक्षी दाखवावयास नेतात. ज्यांचे आजोबा हे पाणी येण्यापूर्वी याच जागी शेती करीत, अशी माणसेही त्यांत भेटतात. मला नेणारा नावाडी वल्हे मारता मारता एका जागी थांबला आणि म्हणाला, "साहेब, इथं खाली आमची विहीर हाये." मी पाण्याकडे पाहिले. वर रोहित पक्ष्यांचा थवा चरत होता. त्याने पुन्हा वल्हे हातात घेतले.

उन्हाळ्यात धरणाचे पाणी फार ओसरले, म्हणजे पळसदेवचे पळसनाथाचे बुडालेले देऊळ वर येते आणि लोक कोरड्या चिखलातून चालत जाऊन दर्शन घेतात. हा मेळा पंचांगात सापडत नाही. तो पावसावर अवलंबून असतो. भिगवणला जाणाऱ्यांस एक विनंती आहे. पक्षी उडताना चांगले दिसतात म्हणून नावाड्याला होडी थव्यात घालावयास सांगू नये आणि टाळ्या पिटू नयेत. ते तेथे पोट भरावयास आलेले असतात, आणि आपणही घरून डबा घेऊन आलेलो असतो.

सर्वांत शेवटी उन्हाळ्याचा मेळा सांगतो, कारण त्याला जाणे सर्वांत सोपे आणि न जाणे त्याहून सोपे. १८७५ साली महादेव गोविंद रानडे यांच्या प्रेरणेने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. रानडे तेव्हा अजून उच्च न्यायालयात गेलेले नव्हते. सार्वजनिक प्रश्नांवर लोकांनी आपल्या भाषेत बोलावे आणि दुसऱ्याचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घ्यावे, ही सवय गावाला लावण्याचा तो उद्योग होता. वक्तृत्वोत्तेजक सभा ही माला चालविते. दीडशे वर्षे होऊन गेली. मे महिन्यात संध्याकाळी टिळक स्मारक मंदिराकडे गेलात तर शेतीपासून ताऱ्यांपर्यंत कोणत्या ना कोणत्या विषयावर कोणीतरी बोलत असते.

तिच्यापासून स्फूर्ती घेऊन निघालेल्या लहान लहान व्याख्यानमाला पेठापेठांतून आहेत. अशाच एका मालेला, तिचे नाव सांगत नाही, मी दोन वर्षांपूर्वी गेलो होतो. विषय होता पुण्यातील जुन्या नळांचा, म्हणजे पेशव्यांच्या काळी कात्रजच्या तलावातून शहरात पाणी कसे आणले त्याचा. दिवाणखान्यात सत्तर खुर्च्या मांडलेल्या होत्या. आम्ही अकराजण होतो. त्यांत दोघे चिटणीसांच्या घरचे. वक्ते निवृत्त अभियंते होते. त्यांनी अकरा माणसांकडे एकवार पाहिले, चष्मा पुसला आणि भरलेल्या सभागृहापुढे बोलावे तसे ते दीड तास बोलले. भुयारी नळ, मधले उच्छ्वास, वाड्यांतले हौद, सर्व काही त्यांनी हाताने काढलेल्या नकाशांवर दाखविले. व्याख्यान संपल्यावर चिटणीसांनी आभार मानले आणि नंतर आम्हां दोघाचौघांना बाजूस घेऊन सांगितले, की यंदाचे वर्ष पाहतो, नाही तर बंद करतो. दिवाणखान्याचे भाडे निघत नाही म्हणून नव्हे, तर अशा माणसाला बोलावून त्याच्यापुढे रिकाम्या खुर्च्या ठेवावयाची लाज वाटते म्हणून.

मी घरी आलो आणि जिन्यातच शेजाऱ्यांना ते व्याख्यान सांगू लागलो. शेजारी रंगून गेले. म्हणाले, "अहो, मला सांगायचे नाही का? मी कात्रजच्या नळांविषयी केव्हापासून शोधतो आहे! पुढच्या वर्षी नक्की जाऊ."

मी त्यांना आत बोलाविले आणि भिंतीवरची दिनदर्शिका उतरविली. व्याख्यानमालेची अजून चार व्याख्याने बाकी होती. त्या चार चौकोनांत त्यांच्याच हाताने मी त्यांचे नाव लिहवून घेतले. त्यांतल्या तीन व्याख्यानांना ते आले. चौथ्या दिवशी त्यांच्याकडे पाहुणे आले होते, म्हणून ते पाहुण्यांना घेऊन आले. ती माला अद्याप चालू आहे. यंदाही वैशाखातच आहे, आणि खुर्च्या पन्नास मांडतात.